वाचकांचे प्रश्न: एकाच माणसाच्या सगळ्या सिंफनी ओळीने का ऐकायच्या?

प्रश्न: आम्ही नोकरीमुळे अ‍ॅमस्टलव्हीनला राहतो. 2025 च्या मे महिन्यात ऑफिसमधले दोघंतिघं रोज संध्याकाळी अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ या संगीतगृहात पळायचे, माहलर महोत्सव चालू आहे म्हणून. संगीतकार गुस्ताव माहलर तर व्हिएन्नाचा ना, मग त्याचा एवढा मोठा महोत्सव अ‍ॅमस्टरडॅमला कसा काय?

उत्तर: प्रश्न एकदम बरोबर आहे. माहलरचा जन्म 1860 चा, बोहेमियातल्या कालिश्ते गावातला, आणि व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा तो 1897 ते 1907 डायरेक्टर होता, पण तिथे मान होता तो कंडक्टर माहलरला, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या माहलरला, त्याने स्वतः लिहिलेल्या सिंफनींना, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनांना, बरेच लोक नाकं मुरडायचे. अ‍ॅमस्टरडॅमला उलटं झालं आणि ते मुख्यतः एका माणसामुळे झालं, विलेम मेंगेलबर्ग. 1895 पासून हा कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्राचा मुख्य कंडक्टर. त्याने 1903 मध्ये माहलरला बोलावलं, ये आणि तुझी तिसरी सिंफनी तूच कंडक्ट कर. पुढच्या वर्षी माहलर परत आला, आणि 23 ऑक्टोबर 1904 चा कार्यक्रम बघा काय होता: चौथी सिंफनी, मग मध्यंतर, मग परत तीच चौथी सिंफनी पहिल्यापासून शेवटपर्यंत! जवळजवळ तासाभराची रचना आहे ती. नवीन संगीत एकदा ऐकून डोक्यात शिरत नाही, दुसऱ्यांदा ऐकलं की कान आपोआप वाट शोधतात, त्या श्रोत्यांना ही संधी त्याच संध्याकाळी मिळाली. मेंगेलबर्गच्या स्वतःच्या नोटेशनच्या प्रतींवर तर रंगीत पेन्सिलींनी केलेल्या खुणा आणि नोंदी खच्चून भरल्यात, काही थेट माहलरकडून ऐकलेल्या.

माहलर 1911 मध्ये गेला. 1920 मध्ये मेंगेलबर्गला ऑर्केस्ट्रात 25 वर्षं झाली तेव्हा जो सोहळा झाला तो त्याने माहलरचाच केला, मे महिन्यात नऊ कार्यक्रम, सगळ्या सिंफनी आणि ऑर्केस्ट्राबरोबरची गाणी. माहलरची बायको आल्मा आली होती, संगीतकार शोनबर्ग आला होता. तुमचे ऑफिसवाले ज्या महोत्सवाला जात होते त्याचं मूळ हे.

प्रश्न: 1920 नंतर पुढचा महोत्सव थेट 1995 ला झाला असं वाचलं. मधली 75 वर्षं लोक माहलरला विसरले होते का?

उत्तर: विसरले नव्हते, निदान अ‍ॅमस्टरडॅम तरी नाही. पण मध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मन आले. माहलर जन्माने ज्यू, 1897 मध्ये त्याने कॅथलिक धर्म घेतला होता तरी नाझींना त्याचं काय, ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये त्याचं संगीत वाजवायला बंदी झाली. आणि सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट म्हणजे ज्या मेंगेलबर्गने माहलरसाठी एवढं केलं तो त्या काळात जर्मनांशी जुळवून घेऊन वाजवत राहिला. युद्धानंतर त्याच्यावर नेदरलँड्समध्ये कंडक्ट करायला बंदी आली आणि 1951 मध्ये तो स्वित्झर्लंडला वारला. माहलरची सख्खी भाची आल्मा रोझे, उत्तम व्हायोलिनवादक, नाझींपासून वाचण्यासाठी लंडनला गेली होती, पण कार्यक्रमांसाठी नेदरलँड्सला आली आणि जर्मन आल्यावर तिथेच अडकली, पुढे फ्रान्समध्ये पकडली गेली, आउशविट्झच्या छावणीत तिला कैदी बायकांचा ऑर्केस्ट्रा चालवावा लागला आणि 1944 मध्ये तिथेच ती गेली. अ‍ॅमस्टरडॅमच्या माहलर-प्रेमाबद्दल बोलताना हे सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं.

युद्धानंतर डच कंडक्टर बर्नार्ड हायटिंकने याच ऑर्केस्ट्राबरोबर सगळ्या सिंफनी रेकॉर्ड केल्या, त्यामुळे वाजवणं चालूच होतं. 1995 मध्ये परत मोठा महोत्सव झाला, व्हिएन्ना आणि बर्लिनचे ऑर्केस्ट्रे आले. तिसरा 2020 मध्ये, शंभर वर्षं झाली म्हणून, तो कोरोनाने खाल्ला आणि मग 2025 मध्ये 8 ते 18 मे असा झाला. 18 मे ही माहलरची पुण्यतिथी.

प्रश्न: पुण्यात सवाईला आम्ही दरवर्षी जातो. पण तिथे रोज वेगळे कलाकार, वेगळे राग. एकाच माणसाच्या दहा सिंफनी ओळीने ऐकून कंटाळा नाही येत?

उत्तर: सवाईची आठवण काढलीत ते बरं झालं. भीमसेनजींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ ते सुरू केलं आणि तिथे आपण परंपरा ऐकतो, गाणारे अनेक. अ‍ॅमस्टरडॅमला उलट आहे, रचनाकार एकच आणि वाजवणारे वेगळे: 2025 मध्ये यजमान ऑर्केस्ट्रा कंडक्टर क्लाउस मॅकेलाबरोबर, शिवाय बुडापेस्ट, टोकियोचा एनएचके, शिकागो आणि बर्लिन.

कंटाळ्याचं म्हणाल तर ओळीने ऐकण्यातच खरी गंमत आहे, कारण माहलर एका सिंफनीतली गोष्ट पुढच्या सिंफनीत नेतो. चौथीच्या पहिल्या भागात एका गदारोळाच्या जागी ट्रंपेटची एक हाक येते आणि जाते, आपण विशेष लक्षही देत नाही. पाचवी सुरू होते तीच मुळी त्या हाकेने, एकट्या ट्रंपेटवर, बाकी सगळे गप्प. दोन्ही पाठोपाठ ऐकल्या की अंगावर काटा येतो! चौथीच्या शेवटी जे गाणं आहे तेही आधी तिसरीचा शेवट म्हणून ठरलेलं होतं. वर्षाकाठी एखादी सिंफनी ऐकणाऱ्याला हे धागे सापडणं कठीण आहे, म्हणून असे महोत्सव व्हायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. तिकिटं महाग असतात हे खरं, पण 2025 मध्ये जवळच्या व्होंडेलपार्कात मोठ्या पडद्यावर लोकांना ऐकायची सोय केली होती, ते मला फार आवडलं.

प्रश्न: मी तबला शिकतो. माहलरच्या कुठल्यातरी सिंफनीत चक्क हातोडा वाजवतात असं मित्र म्हणतो, खरं आहे का?

उत्तर: अगदी खरं. सहावी सिंफनी, शेवटचा भाग. माहलरला असा घाव हवा होता जो छोटा, जड, बसका ऐकू येईल पण धातूसारखा खणखणणार नाही, कुऱ्हाडीच्या घावासारखा. आता असा आवाज काढायचा कशावर? प्रत्येक ऑर्केस्ट्रा आपापली सोय करतो, बहुतेक वेळा एक मोठी पोकळ लाकडी पेटी आणि दोन्ही हातांनी उचलायचा लाकडी हातोडा. वाजवणारा मागच्या रांगेत उभा असतो, तो हातोडा डोक्यावर उचलायला लागला की अख्खा हॉल त्याच्याकडे बघतो, आणि घाव ऑर्केस्ट्राच्या बरोब्बर त्या क्षणी पडला पाहिजे, जरा मागेपुढे झाला की सगळा परिणाम गेला. तुला तबल्यामुळे सम म्हणजे काय ते माहीत आहे, तेव्हा हे कळेल. आधी तीन घाव होते, नंतर माहलरने तिसरा काढून टाकला, काही कंडक्टर अजूनही तो वाजवतात. याच सिंफनीत गाईंच्या गळ्यातल्या घंटाही आहेत, लांबून ऐकू येतात, तिकडेही लक्ष ठेव.

प्रश्न: आपल्याकडच्या कुणाचा माहलरशी संबंध?

उत्तर: झुबिन मेहता! जन्म 1936, मुंबई. वडील मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. झुबिन 1954 मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले, आणि मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून बघता याव्यात म्हणून ते आणि पुढे स्वतः मोठा कंडक्टर झालेला क्लाउडिओ अब्बादो तिथल्या गायकवृंदातच भरती झाले. 1975 मध्ये मेहतांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर माहलरची दुसरी सिंफनी रेकॉर्ड केली, ती जरूर ऐका.

प्रश्न: पाश्चात्य संगीतातलं काही कळत नाही, नोटेशन येत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: नोटेशन अजिबात लागत नाही. पहिल्या सिंफनीचा तिसरा भाग लावा, एकटा डबल बास एक धून वाजवतो, युरोपातल्या पोरांचं साधं गाणं आहे ते, पण माहलरने मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांत, घेऊन त्याची अंत्ययात्रा केलीय. मग पाचवीचा चौथा भाग, अदाजिएत्तो, फक्त तंतुवाद्यं आणि हार्प. मेंगेलबर्गने आपल्या प्रतीवर लिहून ठेवलंय की हे माहलरचं आल्माला प्रेमपत्र आहे. त्याचं 1926 चं रेकॉर्डिंग जेमतेम सात मिनिटांचं आहे, हल्ली बरेच कंडक्टर नऊदहा मिनिटं घेतात आणि ते शोकगीतासारखं व्हायला लागतं, दोन्ही ऐकून तुम्हीच ठरवा, मला मेंगेलबर्गचं पटतं. त्यानंतर दुसरी सिंफनी पूर्ण. तिसरी शंभरेक मिनिटांची आहे, ती सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत.