प्राणिसंग्रहालयात काम करायचंय, पण पिंजरे पाहवत नाहीत

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा पेच थोडक्यात असा: शाळेचं शेवटचं वर्ष आहे, जीवशास्त्र मनापासून आवडतं आणि वन्यप्राण्यांसाठी काम करायची इच्छा जुनी आहे. पण प्राणिसंग्रहालयात एक अस्वल भिंतीलगत सतत येरझाऱ्या घालताना पाहिलंस आणि तेव्हापासून वाटतंय, की इथे नोकरी करणं म्हणजे या सगळ्याला हातभार लावणं. मैत्रीण म्हणते, ‘जेलर होशील.’ वडील म्हणतात, एवढी हळवी असशील तर हे क्षेत्रच नको. पशुवैद्यक होऊन तिथे जावं, की हा नाद सोडावा, असं तू विचारलं आहेस.

सोडू नकोस. मात्र ही अस्वस्थता नुसती मनात बाळगून गेलीस, तर लवकरच थकून जाशील. तिला निरीक्षणाची शिस्त लाव, म्हणजे तिचा प्राण्याला उपयोग होईल.

मैत्रिणीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. 2003 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार, निसर्गात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर फार मोठ्या क्षेत्रात असतो, त्यांच्यात बंदिवासातल्या येरझाऱ्या आणि पिल्लांचे मृत्यू जास्त दिसतात. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या नैसर्गिक वावरक्षेत्राच्या साधारण दहा लाखांश भरते. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या आफ्रिकन हत्तिणींचं मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्म्या हत्तिणी ज्याच्या आत मरतात ते वय, 16.9 वर्षं निघालं, तर केनियाच्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात नैसर्गिक मृत्यू आलेल्या हत्तिणींचं 56. हा अभ्यास 2008 चा.

आता दुसरी बाजू. अरबी ओरिक्स हा लांब शिंगांचा, हरणासारखा प्राणी 1972 मध्ये मोकळ्या वाळवंटातून संपला होता. 1963 पासून अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जोपासलेल्या कळपाच्या वंशामुळे 1982 मध्ये तो ओमानमध्ये पुन्हा सोडता आला. पुढे नव्वदच्या दशकात चोरट्यांनी विक्रीसाठी जिवंत ओरिक्स पकडून तिथला कळप पार रोडावून टाकला. पिंजऱ्यातलं प्रजनन हे निम्मंच काम असतं, बाहेरची राखण नसेल तर तेही वाया जातं. त्यामुळे ‘प्राणिसंग्रहालय चांगलं की वाईट’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कोणता प्राणी, किती जागेत आणि कशासाठी ठेवला आहे, हे विचारायला शीक.

तुझ्या अस्वलाकडे येऊ. अशा ठरीव, निरुद्देश हालचालीला स्टिरिओटिपी म्हणतात. पण एकदा पाहून निदान होत नाही. खाण्याची वेळ झाली, पलीकडे मादी माजावर आली किंवा प्राण्याची देखभाल करणाऱ्या पालकाच्या किल्ल्यांचा आवाज आला, तरी येरझाऱ्या वाढतात. कधी ती आधीच्या वाईट जागेची खूण असते आणि नवी जागा चांगली असूनही जात नाही. उलट, कोपऱ्यात तासन् तास निपचित पडलेल्या प्राण्याकडे ‘शांत आहे’ म्हणून दुर्लक्ष होतं, आणि त्याची अवस्था जास्त वाईट असू शकते.

म्हणून आधी इथोग्राम तयार कर, म्हणजे वर्तनांची यादी: झोप, बसणं, येरझारा, हुंगणं, उकरणं, खाणं, दिसेनासं होणं. प्रत्येकाची व्याख्या एका ओळीत लिही. ‘एकाच वाटेने सलग तीन फेऱ्या’ झाल्या तरच येरझारा, असं ठरवून टाक, नाहीतर दुसऱ्या दिवशी तूच वेगळं मोजशील. मग दहा मिनिटं बस आणि दर 30 सेकंदांनी, त्या क्षणी दिसेल तेवढंच नोंदव. एका बैठकीत 20 नोंदी होतात. सकाळी, दुपारी, खाण्याच्या तासभर आधी आणि नंतर अशा बैठकी विभाग. सहा बैठकींच्या 120 नोंदींपैकी 42 येरझारांच्या असतील, तर प्रमाण 35 टक्के. त्या 42 पैकी बहुतेक खाण्याआधीच्या असतील, तर उपाय वेळापत्रकात शोधायचा. ‘अस्वल दुःखी दिसतं’ या वाक्यावर व्यवस्थापन काही करू शकत नाही, या आकड्यावर करू शकतं.

त्यात एक गोष्ट प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. बाग आठ तास उघडी असेल आणि बंद होताना प्राण्याला आत घेत असतील, तर 24 पैकी 16 तास तो मागच्या रात्रीच्या खोलीत काढतो. समोरची झाडं आणि पाण्याचं टाकं कितीही सुरेख असोत, त्याचं खरं घर म्हणजे ती खोली. कुठेही कामाला जाशील तिथे ती आधी पाहा: फरशी कोरडी आहे का, बसायला उंच फळी आहे का, शेजारच्या प्राण्यापासून आडोसा आहे का.

उपायांना या क्षेत्रात एन्रिचमेंट म्हणतात. अस्वलाचा आहार एकाच वेळी थाळ्यात देण्याऐवजी पाच-सहा वाटे करून अनियमित वेळी ओंडक्यांच्या भेगांत, पालापाचोळ्यात, भोकं पाडलेल्या पिंपात लपवतात. रानात त्याचा दिवस अन्न शोधण्यातच जातो, म्हणून हे लागू पडतं. फसतंही: लपवलेलं अन्न रोजच्या मापातून वजा केलं नाही तर चरबी चढते, दोघांत मिळून एकच पिंप ठेवलं तर दांडगा दुसऱ्याला फिरकू देत नाही, दोराचे धागे सुटून पोटात जातात. आणि तीच वस्तू रोज ठेवली की चार दिवसांत तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. म्हणून आलटून-पालटून द्यायचं, आणि आधी व नंतर मोजायचं.

पशुवैद्यकाचं म्हणशील, तर रोमहर्षक शस्त्रक्रिया कमी आणि विष्ठा तपासणी, वजनं, नव्या प्राण्याचं क्वारंटाईन, शवविच्छेदन जास्त. शाकाहारी प्राणी आजार लपवतात, त्यामुळे वजनाचा तक्ता हाच पहिला इशारा. भूल देणं जोखमीचं असतं: पकडताना हरणाची फार पळापळ झाली तर स्नायूंच्या पेशी फुटतात, मूत्रपिंडं निकामी होतात आणि ते दगावतं, कधी काही दिवसांनंतरही. म्हणून शक्य तिथे प्राण्याला भूल न घेता तपासून घ्यायला शिकवतात. अस्वल आधी काठीच्या टोकाला नाक लावतं आणि शिटी वाजताच खाऊ मिळतो. मग पंजा जाळीबाहेर ठेवतं, मग बोथट काडीचा स्पर्श सहन करतं आणि शेवटी सुईचा. एखादी पायरी घाईने ओलांडली आणि दुखलं, तर मागच्या पायऱ्यांवर परतावं लागतं. पदवीनंतर काही वर्षं कुत्री-मांजरं, गायी-घोड्यांवर हात बसवणं गरजेचं आहे.

पदवीशिवायचा रस्ता प्राणीपालकाचा. साफसफाई, खाणं तयार करणं, कुलपं तपासणं, नोंदी, सणासुदीलाही पाळी. प्राण्याच्या सर्वात जवळ तोच असतो, आणि माझ्या मते प्राण्यांच्या कल्याणाच्या कामात त्याचंच वजन सगळ्यात मोठं असायला हवं. आहारतज्ज्ञ, आवारांचे रचनाकार आणि सुटका केंद्रांतली माणसंही याच क्षेत्रातली.

वडिलांना हळवेपणाची भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. 2014 मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने जनुकीयदृष्ट्या ‘जादा’ ठरलेलं, म्हणजे ज्याची जनुकं प्रजनन कार्यक्रमात आधीच पुरेशी होती असं, मॅरियस नावाचं निरोगी, दीड वर्षाचं जिराफ मारलं. पर्याय म्हणून गर्भनिरोधक सुचवला जातो, पण काही संप्रेरकं दीर्घकाळ दिल्यावर वाघ-सिंहांत गर्भाशयाचे आजार होतात. असे निर्णय तुझ्याही वाट्याला येतील. आपण कुठे नाही म्हणू, ते आताच कागदावर लिहून ठेव. उदाहरणार्थ, प्राण्याला हातात घेऊन फोटो काढू देणारी किंवा कसरती करायला लावणारी जागा मला चालणार नाही.

कुठे अनुभवासाठी जाशील तर तीन गोष्टी विचार: मेलेल्या प्रत्येक प्राण्याचं शवविच्छेदन होतं का? जादा पिल्लं कुठे जातात? पालकाने कल्याणाबद्दल लेखी तक्रार केली तर ती कोण वाचतं? उत्तर टाळलं गेलं, तर तेही वहीत टिपून ठेव. जाण्याआधी धनुर्वात आणि रेबीजच्या प्रतिबंधक लशींबद्दल डॉक्टरांना विचार, आणि प्राण्याच्या आवारात एकटीने कधीही पाऊल टाकू नकोस.

विषय निवडताना जीवशास्त्र तू घेशीलच, पण संख्याशास्त्रही सोडू नकोस. त्या 35 टक्क्यांत पडलेला फरक खरा की योगायोगाचा, हे तुला त्याशिवाय सांगता येणार नाही.