मास्टरची तारीख शोधा

आपल्या पत्राचा मथितार्थ असा की, एका विमान कंपनीने 12 एप्रिल 2022 रोजी स्वतःच्या प्रशिक्षण विमानाच्या आराखड्यांवरून 1:72 प्रमाणाचे प्लास्टिक किट काढण्याचा लेखी परवाना आपल्याला दिला, साचा डिसेंबर 2023 मध्ये हाती आला, पुढच्या महिन्यात विक्री सुरू झाली, दोनदा रॉयल्टीही भरली, आणि आता ‘परवाना केव्हाच संपला’ अशी नोटीस आली आहे. रॉयल्टीची पावती म्हणजेच परवाना, असे समजणारे आपण पहिले नाही.

नोटिशीतला बोधचिन्हाचा परिच्छेद तूर्त बाजूला ठेवा. खरा प्रश्न कॉपीराइट कायद्याच्या कलम 19(4) चा आहे. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर तो संपुष्टात आल्याचे मानले जाते. हे कलम हस्तांतरणाचे असले तरी कलम 30अ मुळे ते परवान्यालाही लागते. आपला दीड पानी करार याबाबत मुका आहे. सहीपूर्वी वकिलाला दाखवला असता तर एका ओळीत काम भागले असते.

मात्र हक्काचा वापर म्हणजे विक्रीच, असे नव्हे. कागदावरील आराखड्याला त्रिमितीय रूप देणे हेही कलम 14 नुसार पुनरुत्पादनच आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये पंखांचा आणि धडाचा रेझिन मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो मूळ नमुना, थ्रीडी प्रिंटरवर काढून घेतल्याचे आपण जाता जाता लिहिले आहे. तो परवान्याच्या पहिल्या वर्षाच्या आतला असल्याने सगळा बचाव त्यावरच उभा करावा लागेल. त्याचे बिल घेतले नाही, हे वाचून मी कपाळाला हात लावला. निदान बँकेतून गेलेली रक्कम, प्रिंटिंगवाल्याला पाठवलेली फाइल आणि तो मास्टर आजच शोधा, तोवर फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) खालील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, प्रमाणपत्राची तयारी ठेवा.

कंपनीने नंतरही रॉयल्टी स्वीकारली, हे उत्तरात अवश्य मांडावे, पण न्यायालय त्याला किती वजन देईल हे मूळ कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. परदेशी विक्री मात्र लगेच थांबवा. करारात प्रदेश लिहिलेला नसल्याने परवाना भारतापुरताच धरला जाईल, आणि मुदतही लिहिलेली नसल्याने तो टिकला तरी पाच वर्षेच, म्हणजे एप्रिल 2027 पर्यंतच.

कलम 62 मुळे कंपनी स्वतःच्या गावी दावा लावू शकते, म्हणून कॅव्हेट, म्हणजे ‘आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ हा अर्ज, तिथल्या न्यायालयातही दाखल करा. एकतर्फी मनाई एकदा मिळाली की ती उठवण्याच्या अर्जावर तारखाच पडत राहतात. कॅव्हेट 90 दिवसच टिकते. ती तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.