मोठ्या जहाजावर सहकुटुंब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सिंगापूरहून 'जेंटिंग ड्रीम'वर तीन रात्री जायचं ठरतंय. आम्ही सातजण, आई-बाबा पंचाहत्तरीचे. आईचे गुडघे दुखतात. एवढ्या मोठ्या जहाजावर त्यांचे हाल होतील का? (नाशिक)

हाल होतात ते खोली चुकली की. हे जहाज 335 मीटर लांब आहे, मुंबईची 15 डब्यांची लोकल असते साधारण तेवढं. पहिल्या डब्यात झोपायचं, शेवटच्या डब्यात जेवायचं आणि असं दिवसातून चारदा करायचं, तर आईंचेच काय, तुमचेही गुडघे बोलू लागतील. बुकिंगवाला 'गॅरंटी' खोली स्वस्त पडेल म्हणेल. त्यात खोली कंपनी ठरवते, तुम्ही नाही. आई-बाबांसाठी ती घेऊ नका. डेक-प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागवा आणि मधल्या लिफ्टपासून चार-सहा दारांवरची खोली त्यावर बोट ठेवून मागा. वर स्विमिंग पूल किंवा बुफे नको, नाहीतर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर. नातवंडांपैकी कुणी आजीजवळ झोपणार असेल तर आतून दार असलेल्या 'कनेक्टिंग' खोल्या मिळतात, पण त्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात.

चाकाची खुर्ची स्वतःची न्या, जहाजावरच्या बहुधा अडीअडचणीपुरत्याच असतात. आणि आईंना पहिल्याच दिवशी खोलीपासून जेवणघरापर्यंत एकदा चालवून आणा. लांबलचक बोळातली सगळी दारं सारखी दिसतात. माझे वडील एकदा दुसऱ्याच्याच दाराला कार्ड लावत उभे होते. काही जहाजांवर गालिच्यावर मासे विणलेले असतात आणि त्यांची तोंडं जहाजाच्या नाकाकडे असतात. तेवढी एक खूण सापडली आणि मग वडील आम्हालाच रस्ता दाखवू लागले.

प्रश्न : मुलगा डॅलसला असतो. तो आम्हाला मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज'वर नेतोय. दहा हजार माणसं एका जहाजावर! काही झालं तर होड्या पुरतील का? (सोलापूर)

तुमचा आकडा जवळपास बरोबर आहे. 365 मीटर लांबीच्या या जहाजावर जास्तीत जास्त 7,600 प्रवासी आणि 2,350 कर्मचारी असू शकतात. होड्यांचं म्हणाल तर 'टायटॅनिक' बुडाल्यावर 1914 साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांच्या आजच्या रूपात जीवरक्षक होड्या आणि तराफे मिळून जहाजावरच्या सगळ्यांना पुरून वर 25 टक्के जागा ठेवावी लागते.

जागा आहेच, प्रश्न असतो तो आपल्याला आपलं ठिकाण माहीत असण्याचा. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं आणि 32 जण गेले. त्या संध्याकाळी चढलेल्या कित्येकांची सुरक्षा-कवायत व्हायचीच होती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या घ्यावीच लागते. खोलीच्या कार्डावर मस्टर स्टेशनचा, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या ठिकाणाचा, क्रमांक असतो, तिथे स्वतः चालत जाऊन या. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा.

मुलाला एक आठवण करा : जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं, त्यामुळे तुमचा अमेरिकी व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा.

प्रश्न : मला एसटीतसुद्धा मळमळतं. जमेल का? (सातारा)

बहुतेक जमेल. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. खोली मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या. बाल्कनीसाठी वर जाल तितका झोका जास्त. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू होण्याआधी. उलटी झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचं आहे. पूलमध्ये नेता येईल ना? (ठाणे)

मोठ्या पूलमध्ये बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत, स्विम डायपर घातला तरी. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळी उथळ जागा असते, ती आहे का हे आधी विचारा. लहान मुलांचे क्लबही बहुधा तीन वर्षांपासून पुढे. अनेक कंपन्या सहा महिन्यांवरच्या बाळाला चढू देतात, पण सलग तीन-चार दिवस समुद्रातच असलेल्या सफरीला वर्षाची अट असते.

प्रश्न : जेवण मिळेल म्हणतात, तरी इलेक्ट्रिक किटली आणि छोटा राइस कुकर न्यावा का? (सांगली)

नको. आगीच्या भीतीने किटली, कुकर, इस्त्री सामानाच्या तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. घरी शिजवलेलंही चालत नाही. पाकीटबंद चिवडा-लाडू सहसा जातात, पण ते बंदरावर उतरताना बरोबर घेऊ नका. वरण-भाताची चिंता सोडा. सिंगापूरच्या सफरींत भारतीय शाकाहारी जेवण सहसा असतं. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच सांगा.

प्रश्न : पिनांग आणि फुकेतला स्वतःचं स्वतः फिरावं की सहल घ्यावी? (मुंबई)

पिनांगला स्वतः फिरा. जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, तिथून लिटल इंडिया चालत गाठता येतं. फुकेतचं वेगळं. एवढी मोठी जहाजं तिथल्या पातोंग किनाऱ्यासमोर समुद्रातच नांगर टाकतात आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जाता-येता रांग लागते. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर तिथे जहाजाचीच सहल घ्या. ती उशिरा परतली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

आणि घड्याळ जपा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर मोबाइल आपणहून थाई वेळ दाखवायला लागतो, जहाज मात्र काही वेळा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. परतायची वेळ जहाजाच्या वेळेत सांगितलेली असते. घरातल्या एकाने तरी साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून हाताला बांधावं.