पुलावरची फूटपट्टी

चिरंजीवास आशीर्वाद.

रात्री अडीचला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. डाव्या कुशीवर वळलं की ठोके कानात वाजतात, मधेच एखादा चुकतो, पापणी चार दिवस लवतेय. ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड सगळं नॉर्मल. तरी घड्याळात नाडी बघतोस. दिवसातून किती वेळा, ते लिहायचं मात्र टाळलंस.

मी डॉक्टर नाही, पण माझा जन्म ईसीजी काढण्यात गेला. तेव्हा आधी त्या चुकलेल्या ठोक्याचं सांगतो. तो चुकत नाही. एक ठोका वेळेआधी पडतो, मग हृदय जरा जास्त थांबतं, तेवढ्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकन बसतो. आपल्याला कळतो तो हा दणका. धडधाकट माणसाला चोवीस तास होल्टर, म्हणजे अंगावर बांधायचं ठोके नोंदवणारं यंत्र, लावला तरी असे ठोके सापडतात, त्याला पत्ताही नसतो. तुला कळतो, कारण तू कान लावून बसलायस. पापणीचं तर बोलायलाच नको. जागरण आणि चहा कमी कर.

1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी नीट ऐकू येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या 94 टक्के लोकांना गुणगुण, शिट्टी, घूं असे आवाज ऐकू आले. कान तेच होते, फक्त बाहेरचा गलका थांबला होता. तुझी रात्री अडीचची खोली तशीच.

आता माझं. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. पाणी उतरलं, घरातला चिखल निघाला आणि मग माझी धडधड सुरू झाली. आयुष्यभर लोकांना 'काही नाही, घाबरू नका' म्हणणाऱ्या मी एका आठवड्यात स्वतःचा ईसीजी चार वेळा काढून घेतला. तुझ्या काकूला हे अजून माहीत नाही. प्रत्येक पट्टी चांगली आली, आणि प्रत्येक पट्टीचा धीर जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरला.

त्या पुरापासून आपल्या गावाला सवयच लागलीय, चार सरी पडल्या की 'पाणी किती फुटांवर?' पण फूटपट्टीकडे दिवसातून शंभरदा बघितलं तरी कृष्णा बोटभरही चढत नाही. नाडी चढते. भीतीनं ॲड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग त्या मुंग्यांचीच नवी भीती. मुंग्या खऱ्या असतात, बरं का. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

घड्याळ काढून कपाटात ठेव. बघावंसं वाटलं की 'बघणारच नाही' अशी शपथ घेऊ नकोस, मोडशील. पंधरा मिनिटांनी बघू, एवढंच म्हण. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. आणि रोज हरिपूरच्या संगमापर्यंत झपाझप चाल. छाती धडधडू दे. चालताना धडधडलं तर घाबरत नाहीस ना? तेच हृदय आहे.

चालताना छातीत दुखलं, आवळून आलं, दम लागून थांबावं लागलं, शुद्ध हरपली, तर मात्र पंधरा मिनिटंही थांबायचं नाही, थेट डॉक्टर. आणि रात्री फारच असह्य झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

ठोके ऐकू येणं लगेच बंद होणार नाही. मलाही अधूनमधून येतात. परवा पाऊस लागला तर पुलावर पाणी बघायला जाऊन आलो.

दोनदा.

तुझा,
काका