बारावीनंतर संगीतात बी.ए. करावं का? तिथे गाणं, शास्त्र आणि रेकॉर्डिंग नेमकं किती शिकवतात?

तुम्ही लिहिलंय की गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही गाण्याची परीक्षा पूर्ण झालीय, लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचे प्रयोग चालू असतात आणि घरचे म्हणतात, आधी डिग्री घे, मग काय गायचं ते गा. मी पुण्यात संगीतातच बी.ए., एम.ए. केलं. आता शिकवतो आणि अधूनमधून स्टुडिओत गायला जातो. माझं मत: जरूर करा. पण ज्यांच्याकडे शिकताय ते गुरुजी सोडू नका, आणि रेकॉर्डिंग कॉलेजात शिकवतील या भरवशावर प्रवेश घेऊ नका.

आधी गाण्याचं. प्रॅक्टिकलच्या वर्गात मुलं-मुली एकत्र असतात. मुलांची पट्टी (गाताना धरलेला 'सा') काळी एक किंवा दोन, मुलींची काळी चार-पाच. मग मधलीच कुठलीतरी पट्टी लावतात आणि सगळेच अवघडून गातात. शिवाय अभ्यासक्रमात सत्राला इतके राग संपवायचे असतात, म्हणजे यमन कुठे अंगात मुरतोय तोवर पुढचा राग सुरू. तालीम म्हणतात ती समोरासमोर बसूनच होते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरूकडची तालीम अभ्यासक्रमाचाच भाग धरतात, ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. सगळीकडे तसं नसतं.

मग कॉलेजात मिळतं काय? एक म्हणजे साथीदार. तबल्याच्या मुलांना गायक हवे असतात आणि तुम्हाला ठेका (तबल्यावरचा ताल). ॲपवरचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल तुम्ही चुकलात तरी आपल्या वाटेने जात राहतो. शेजारी बसलेला तबलजी सम (तालाची पहिली मात्रा) हुकली की नुसता बघतो, आणि तेवढ्यात कळायचं ते कळतं.

दुसरं म्हणजे शास्त्र. हे ऐकून तुम्ही तोंड वाकडं कराल, कारण परीक्षांसाठी वादी-संवादी (रागातले सर्वांत महत्त्वाचे दोन स्वर) घोकून सगळेच कंटाळलेले असतात. पण भूप आणि देशकार समोर ठेवा. दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूप कल्याण थाटात (थाट म्हणजे रागांचं कुळ), वादी गंधार, गायचा रात्रीच्या पहिल्या प्रहरी; देशकार बिलावल थाटात, वादी धैवत, वेळ सकाळची. भूप गाताना गुरुजी सांगतात, 'इथं धैवतावर असा थांबू नकोस, देशकार दिसेल.' आपण थांबत नाही. का थांबायचं नाही हे मला समप्रकृतिक, म्हणजे एकमेकांसारख्या रागांच्या पेपरासाठी मारवा, पूरिया आणि सोहनी शेजारी शेजारी लिहून काढताना उमगलं. हे तिन्हीही एकाच स्वरांचे आहेत. नंतर कुठलीही मैफल ऐकताना कान वेगळ्या जागी जायला लागले.

गाणं कागदावर लिहायच्या स्वरलिपीकडेही लक्ष द्या. गांधर्वच्या परीक्षांमुळे तुम्हाला पलुस्करांची चिन्हं सवयीची असतील, आणि पुस्तकं बरीचशी भातखंडे पद्धतीची. स्वरावरचा बिंदू भातखंडे लिपीत तार (वरचं) सप्तक दाखवतो, पलुस्कर लिपीत मंद्र (खालचं). वर्गात निम्मी मुलं पहिल्या महिन्यात यावरच अडकतात.

आता रेकॉर्डिंग. बहुतेक संगीत विभागांत एखादा छोटा पेपर किंवा दोन दिवसांची कार्यशाळा, यापलीकडे फारसं काही नसतं. ध्वनी हाच व्यवसाय करायचा असेल तर एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेचा ध्वनिमुद्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुण्यातच आहे, पण तो सिनेमासाठीचा आहे हे धरून चाला.

तरीही गाणाऱ्याला हे जुजबी आलंच पाहिजे. कारण सांगतो. तानपुरा नीट जुळला, जवारी (तारेखालच्या घोडीमुळे येणारी गुंज) खुली असली की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो गंधार पेटीवरच्या गंधारापेक्षा 14 सेंट (स्वरांतर मोजायचं एकक) उतरलेला असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. (आकाशवाणीने 1940 साली पेटीला बंदी घातली होती. त्या वादात पेटीच्या या ठरावीक स्वरांचा मुद्दा होताच.) तुम्ही तानपुऱ्याशी मिळवून अगदी सुरेल गंधार लावता, आणि स्टुडिओतला माणूस सवयीने पिच करेक्शन (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावून तो पेटीच्या पट्टीवर ओढून ठेवतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असेल तर तिच्या पायऱ्या होतात. त्याचा त्यात दोष नाही, त्याच्या रोजच्या कामात तेच बरोबर असतं. पण 'ते काढा' म्हणायला काय काढायचं हे तुम्हाला ठाऊक हवं.

तीच गोष्ट क्लिकची, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या टिकटिकीची. विलंबित ख्याल क्लिकवर गाता येत नाही. तबला आणि गायक एकाच वेळी, एकमेकांना दिसतील असे बसवावे लागतात. घरी करत असाल तर 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवा आणि लेव्हल कमीच धरा, तार सप्तकातली एक तान सगळं फाडून जाते. माइक तोंडाला चिकटवला की आवाजातला खालचा भाग फुगतो, म्हणून वीतभर लांब बसा. आणि रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) न लावता ऐका. रियाझाचं कोरडं रेकॉर्डिंग ऐकणं सुरुवातीला नको वाटतं.

घरच्यांना सांगायचं तर: कॉलेजात शिकवायचं असेल तर सहसा एम.ए. आणि नेट किंवा सेट (अध्यापनाच्या पात्रता परीक्षा) लागतं, नुसत्या विशारदवर (गांधर्वच्याच वरच्या परीक्षेवर) ते दार उघडत नाही. आकाशवाणीची ऑडिशन वेगळी. तिथे बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी आहेत आणि पदवी बघत नाहीत, गाणं बघतात. बाकी बहुतेकांचं घर शिकवण्या आणि साथीवर चालतं, माझंही.

प्रवेशाआधी एकदा विभागात जाऊन बसा. तबल्याचे किती विद्यार्थी आहेत, परीक्षेला साथ कोण करतं, संध्याकाळी खोली रियाझाला मिळते का, एवढं विचारा. उत्तर ऑफिसातून घेऊ नका, तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून घ्या.