अधिसूचना नको, वर्दी चालेल

प्रश्न धुळ्याहून आला आहे. विचारणाऱ्या मॅडम डिप्लोमाच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतात आणि मराठीत टिपणं काढताहेत. फाइल बदलली, नेटवर्कवरून डेटा आला, असं काही घडलं की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोग्रामला कळवतो. त्या नोटिफिकेशनला अधिसूचना म्हणू की सूचना? आणि कळवण्याच्या एज-ट्रिगर्ड, लेव्हल-ट्रिगर्ड या दोन तऱ्हांना मराठीत काय म्हणू?

अधिसूचना राजपत्रात शोभते, तिथेच राहू द्या. सूचना जास्त फसवी, कारण ती बरोबर वाटते. पण 'साहेबांनी सूचना दिल्या' म्हटलं की काहीतरी करायला सांगितलेलं असतं. शिवाय प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनलाही आपण सूचनाच म्हणतो, म्हणजे एकाच वहीत दोन सूचना भांडणार. कर्नल इथे काही फर्मावत नाही, घडलेलं कानावर घालतो. पुढचं प्रोग्रामने बघावं.

म्हणून वर्दी. पोलीस पाटील ठाण्यात वर्दी देतो, वऱ्हाड वेशीवर आल्याची वर्दी मांडवात पोचते. (अंगावरची वर्दी आड येत नाही. ती घालतात, ही देतात.) लिनक्समध्ये २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत आलेल्या आयनोटिफायला, म्हणजे फाइलींवर नजर ठेवणाऱ्या सोयीला, हा शब्द चपखल बसतो. कोणत्या फाइलीचं काय झालं याची नोंद रांगेत पडते, प्रोग्राम सवडीने वाचतो. रांगेला मर्यादा असते, एरवी १६,३८४ नोंदींची. ती भरली की पुढच्या वर्द्या बुडतात, पण 'वर्द्या बुडाल्या' एवढी एक वर्दी कर्नल इमानदारीने देतो.

कर्नल प्रोग्रामला जो नुसता इशारा पाठवतो त्या सिग्नलला मात्र वर्दी म्हणू नका, सिग्नलच म्हणा. चाळीसगावच्या गाडीने येणाऱ्या मुलांना तो समजवावा लागणार नाही. साधे सिग्नल मोजले जात नाहीत. तीन चाइल्ड प्रोसेस (प्रोग्रामने सुरू केलेल्या पोटप्रक्रिया) पाठोपाठ संपल्या तरी ते कळवणारा सिगचाइल्ड हा सिग्नल एकदाच पोचू शकतो, म्हणून हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) वेटपिड हा कॉल पुन्हा पुन्हा बोलावून 'अजून कुणी गेलं का?' विचारावं लागतं. प्रोग्राम मारून टाकणारा सिगकिल तर त्याच्या कानावरही येत नाही. थेट उचलबांगडी.

आता एज आणि लेव्हल. 'कडा-प्रेरित', 'पातळी-प्रेरित' असले शब्द घडवता येतील, पण ते पाठ करणाऱ्या मुलाला काही कळणार नाही. तुमच्या वर्गात अहिराणी आहे, तिचा उपयोग करा. नळाला चार दिवसांनी पाणी येतं त्या गल्लीत एक हाळी उठते: 'पानी उनं!' (पाणी आलं!) ती एकदाच. कळशी भरून तुम्ही चहा प्यायला बसलात तर कुणी पुन्हा ओरडणार नाही. ई-पोल ही अनेक जोडण्यांवर एकदम नजर ठेवणारी लिनक्सची सोय, तिची एज-ट्रिगर्ड तऱ्हा अशीच आहे. डेटा आल्याचं सांगते, तुम्ही अर्धाच वाचला तर उरलेल्याबद्दल पुन्हा बोलत नाही. म्हणून नळ कोरडा पडेपर्यंत, म्हणजे डेटा वाचणाऱ्या रीड कॉलकडून 'ईअगेन' (आत्ता काही नाही, नंतर या) येईपर्यंत भरत राहायचं. नवखे प्रोग्रामर इथेच अडकतात: डेटा बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पडून, प्रोग्राम वर्दीची वाट बघत, आणि पलीकडचा उत्तराची.

लेव्हल-ट्रिगर्ड म्हणजे 'पानी शे का?' (पाणी आहे का?) असं विचारल्यावर मिळणारं 'शे'. नळाला धार आहे तोवर कितीदाही विचारा, 'शे'च येणार. सिलेक्ट आणि पोल हे ई-पोलसारखंच काम करणारे कॉल याच जातीचे. ई-पोलसुद्धा मुद्दाम सांगितलं नाही तर असंच वागतो.

मराठीत आला आणि आहे हा फरक क्रियापदातच आहे, त्यासाठी वेगळं नाम कशाला घडवायचं? टिपणात 'आल्याची वर्दी' आणि 'असल्याची वर्दी' लिहा, कंसात इंग्रजी संज्ञा द्या, कारण पेपरात तीच येणार. फळ्याजवळ उनं आणि शे बोला. यावल-रावेरकडचं लेवा बोलीतलं एखादं पोर वर्गात असेल, तर त्याला एकदा अर्थ सांगावा लागेल.