फेब्रुवारीत ट्रॉम्सो ते नॉर्थ केप गाडीने: यलो अलर्ट असेल तर निघावं का?

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सोला उतरायचं, तिथून भाड्याच्या गाडीने पार उत्तरेचं टोक, नॉर्थ केप गाठायचं, मध्ये "नुसता यलो" अलर्ट आला तर थांबायचं की ऑरेंज येईपर्यंत चालतं, आणि कपडे काय घ्यायचे. कपड्यांचं शेवटी सांगते. "नुसता यलो" हे शब्द वाचले आणि उत्तर लिहायला बसले, कारण हेच दोन शब्द गेली कित्येक वर्षं मी घरच्या प्रत्येक लग्नामुंजीत ऐकत आले आहे.

मी मूळची हर्णैची. नोकरीमुळे बारा वर्षं हामरफेस्टला आहे. तुमचा रस्ता ज्या स्काइडीवरून जातो, तिथून तासाभराच्या अंतरावर.

2019 च्या फेब्रुवारीत ताई आणि भाऊजी उत्तरेचे दिवे (नॉर्दर्न लाइट्स) बघायला आमच्याकडे आले होते. परतीचं विमान आल्टाहून ओस्लो आणि पुढे मुंबई. हामरफेस्टलाही विमानतळ आहे, पण इथे धावपट्टी आखूड, फक्त छोटी पंख्यांची विमानं उतरतात. आल्टाचं तिकीट स्वस्त पडलं म्हणून भाऊजींनी ते पुण्यातूनच काढून ठेवलं होतं. हामरफेस्ट ते आल्टा साधारण 140 किलोमीटर. उन्हाळ्यात दोन तासांत आरामात होतात. हिवाळ्यात मध्ये सेनालांदेचं उघडं पठार लागतं आणि तिथे सगळं वाऱ्याच्या मर्जीवर.

आदल्या संध्याकाळी यलो आला. कशाचा, हे महत्त्वाचं आहे. इथे इशारा कधीच नुसत्या रंगाचा नसतो. वाऱ्याचा वेगळा, बर्फवृष्टीचा वेगळा, बोटींवर गोठणाऱ्या तुषारांचा वेगळा, आणि ध्रुवीय समुद्रावर काही तासांत उठणाऱ्या छोट्या वादळांचा वेगळा. आमचा होता स्नोफोकचा, म्हणजे जमिनीवर आधीच पडलेला बर्फ वाऱ्याने उडण्याचा. त्याखाली सरळ लिहिलेलं होतं: दिसणार नाही, रस्ते बंद होऊ शकतात, गाड्या ताफ्याने सोडल्या जातील, विमानांना उशीर होईल.

मी म्हटलं, आत्ताच निघू, आल्टाला हॉटेलात झोपू. भाऊजी म्हणाले, "अगं, आमच्याकडे जून ते सप्टेंबर एक दिवसाआड यलो असतो. म्हणून काय पुणं बंद ठेवतात?"

सकाळी सहाला आकाशात चांदण्या. गावात वारा नाहीच म्हणा, कारण गाव डोंगराच्या कुशीत आहे. भाऊजी हातात चहा घेऊन खिडकीपाशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बघ." ते आमच्या घरातले थोरले जावई. वडिलांच्या मागे सगळं त्यांनी पाहिलं, माझ्या शिक्षणालाही मदत केली. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून "नाही" निघालं नाही. गाडी माझी, रस्ता माझ्या ओळखीचा, आणि निर्णय त्यांचा. चूक झाली ती इथे झाली, पुढे पठारावर नाही.

स्काइडीपुढे फाटक पडलेलं होतं, लाल दिवे उघडझाप करत होते. इथे याला कोलोनेशोरिंग म्हणतात: पुढे बर्फ सारणारा ट्रक, मागे गाड्यांची रांग. ट्रकचा चालक उतरून प्रत्येक गाडीपाशी आला. डिझेल किती आहे, गरम कपडे अंगावर आहेत की डिकीत, टायर कसले, सगळं विचारलं. गाडी किंवा माणसं तयार वाटली नाहीत तर तो सरळ परत पाठवू शकतो, आणि त्याच्याशी हुज्जत घालायची नसते. नियम त्याने तीनच सांगितले. पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडायचे नाहीत. दिवे दिसेनासे झाले तर जागेवर थांबायचं, वळायचं नाही. आणि काहीही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही.

आमचा नंबर सहावा. पुढे मासे नेणारा ट्रेलर. वारा सेकंदाला वीस मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर, आणि थंडी फक्त उणे सहा. थंडीचा आकडा बघून घाबरणारे आणि वाऱ्याचा आकडा न बघणारे, दोघंही चुकतात. हा किनारा समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तितका गार नाही. इथे माणूस अडकतो तो वाऱ्यात.

पठारावर चढल्यावर जे झालं ते तिथे नसलेल्याला पटत नाही. डोकं पुढे काढून काचेतून वर बघितलं की स्वच्छ निळं आकाश. समोर बघितलं की पिठाच्या पोत्यात डोकं घातल्यासारखं पांढरं. रस्त्याच्या कडेच्या खुणेच्या काठ्याही दिसेनात. ट्रेलरचे दिवे आधी गुलाबी झाले, मग गेले. मी थांबले, चारही इंडिकेटर लावले.

पाच मिनिटांनी वायपर गोठले. भाऊजी म्हणाले, "मी पुसून येतो," आणि मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडलं. वाऱ्याने ते दार त्यांच्या हातातून हिसकावून पुढच्या बाजूला असं फेकलं की बिजागरीच वाकली. ते उतरले. बॉनेटपाशी गेले असतील, मग नाहीत. मला माझ्याच गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं. उघड्या दारातून बर्फाची पूड सरळ आत, ताईच्या मांडीवर, सीटवर, माझ्या डोळ्यांत. ताई त्यांना हाका मारत होती आणि तिचा आवाज मागच्या सीटवरून मला नीट येत नव्हता, तर बाहेर काय जाणार. मी हॉर्नवर तळहात दाबला आणि उचललाच नाही. किती वेळ, माहीत नाही. चार मिनिटं असतील. ते आले ते मागच्या बाजूने, गाडीला हात घासत. ट्रेलर दिसतोय असं वाटून तिकडे चार पावलं टाकली, वळले तर गाडी नाही. चष्म्यावर बर्फाचा थर, उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी. ती चोळायची नसतात. मी त्यांना हात शर्टाच्या आत काखेत धरायला लावला.

दार बंद होईना. ताईने अंगावरची शाल काढली, आम्ही ती दाराच्या मुठीतून ओवून सीटच्या पट्ट्याला बांधली. अर्ध्या तासाने ताफ्याच्या मागचा ट्रक आमच्यापर्यंत पोहोचला आणि आम्हाला परत स्काइडीला घेऊन आला. रस्ता संध्याकाळपर्यंत बंदच राहिला. विमान गेलं, पुढची तिकिटंही बुडाली.

आता वादाचा मुद्दा. भाऊजी आजही सांगतात की वेधशाळेचा अंदाज चुकला, ऑरेंज द्यायला हवा होता, ऑरेंज असता तर त्यांनीच प्रवास रद्द केला असता. अंदाज तसूभरही चुकला नव्हता. दिसणार नाही म्हणाले होते, दिसलं नाही. रस्ता बंद होईल म्हणाले होते, झाला. आपल्याकडेही यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा, असाच क्रम आहे. कुठेही यलोचा अर्थ "खुशाल जा" असा नाही. इथला यलो वाचायचा असतो, मोजायचा नसतो. ऑरेंज आला तर हॉटेलातून निघायचा विचारच नको. रेड क्वचित येतो. 2024 च्या जानेवारीअखेर इंगुन नावाचं वादळ याच देशाच्या किनाऱ्यावर, पण आमच्यापेक्षा बरंच दक्षिणेला आलं, तेव्हा होता, आणि ते तीस वर्षांतलं सगळ्यात जोरदार वादळ ठरलं.

माझे वडील तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या होडीचे प्रमुख. बंदरात तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याचा बावटा लागला की होडी सोडायची की नाही हे तांडेल ठरवतो, होडीचा मालक नाही. 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा बाबांनी होडी वर ओढून ठेवली, आणि मालक वादळ येईपर्यंत त्यांच्याशी भांडत होता. मी त्यांची मुलगी असून स्टिअरिंग हातात असताना मालकाचं ऐकलं. म्हणून तुम्हाला सांगते, गाडी जो चालवणार त्याचा शब्द शेवटचा, हे निघण्याआधी आई-बाबांसमोर एकदा बोलून घ्या. बाबा कितीही मोठे असले तरी.

तुमच्या बेताबद्दल स्पष्ट सांगायचं तर मला तो पटत नाही. ट्रॉम्सो ते नॉर्थ केप रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या वर आहे. शेवटचे 13 किलोमीटर, स्कार्सवोगच्या फाट्यापासून पुढे, हिवाळ्यात फक्त ताफ्याने, ठरलेल्या वेळेला, आणि हवा बिघडली की तेही रद्द. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचंच असेल तर ट्रॉम्सोहून किनाऱ्याने जाणारी बोट घ्या, हॉनिंगस्वोगला उतरा, तिथून बस जाते. ताफ्यात बसच्या चालकाला जेवढं कळतं तेवढं तुम्हाला-मला कळत नाही. गाडीनेच जायचं म्हणत असाल तर खिळ्यांचे टायर मागून घ्या, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, फावडं आणि घोंगड्या डिकीत न ठेवता सीटवर ठेवा. रस्ता चालू आहे का हे 175 नंबरवर कळतं. अडकलात आणि इंजिन चालू ठेवलंत तर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना हे बघत राहा, नाहीतर धूर आत येतो आणि माणूस झोपेतच जातो. त्यासाठी उतरावं लागलं तर वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूचं दार, दोन्ही हातांनी धरून, आणि एक हात कायम गाडीवर.

हिमस्खलनाचा इशारा पूर्ण वेगळा असतो, 1 ते 5 अशा पातळ्यांचा, तोही बघा. 31 मार्च 2023 ला ट्रॉम्सोच्या आसपास एकाच दिवसात कोसळलेल्या बर्फाने चार जणांचा जीव घेतला. राइनोया बेटावर तर घर आणि गोठा थेट समुद्रात गेला.

हेही सांगायला हवं की फेब्रुवारीत असे कितीतरी दिवस असतात जेव्हा हाच रस्ता कोरडा, शांत असतो आणि यलो असूनही लोक कामावर जातात. मीसुद्धा जाते. पण मला घाई नसते, वाटेत कुणाकडे थांबायचं ते ठरलेलं असतं. तुमचं परतीचं तिकीट मुंबईचं आहे, म्हणून तुमचा हिशोब वेगळा. आणि मी हवामानाची तज्ज्ञ नाही, मला माझा हा एवढाच पट्टा माहीत आहे.

कपडे: आतून लोकर, सुती बनियन अजिबात नाही, बाहेरून वारा अडवणारं काहीतरी, आणि ते गाडीत बसतानाही अंगावर.

ताई-भाऊजी येत्या फेब्रुवारीत पुन्हा येणार आहेत. या वेळी तिकिटं मी काढली, हामरफेस्टहूनच, आणि ओस्लोला मध्ये दोन दिवस मोकळे ठेवलेत. भाऊजींनी फोनवर विचारलं, दोन दिवस कशाला? मी म्हटलं, मी ठरवलंय म्हणून. ते "बरं" म्हणाले.